सातव्या मजल्यावरचं गरम पाणी

२ डिसेंबर, सोमवार

…तेवढ्यात सिलिंडर काट्यावरून घरंगळला. खलीलभाईंनी पाय आडवा घातला म्हणून थांबला. शेजारचा लूमचा कारखाना त्यांचा, काटाही त्यांचा.

"भाभी, इसपे सूत तौलते हैं। सूत."

"आज गॅस तोल," बाबा म्हणाले. "काट्याला काय कळतंय?"

तिसऱ्यांदा ठेवल्यावर आकडा स्थिर झाला. मी लिहून घेतला. बाबांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, घातला, आकडा स्वतः वाचला. मग माझी वही वाचली.

सिलिंडर गल्लीतून गोल गोल फिरवत घरी आणला. वाटेत दोन घरांतून विचारणा झाली, विकायचा आहे का. बाबा म्हणाले, "मोजाया न्हेला व्हता." यावर लोक गप्प होतात.

न्हाणीच्या दारात प्रकाश टॉवेल गुंडाळून उभा होता. "आता करू का?"

"थांब," बाबा म्हणाले. "पयलं वजन लिवलंय का, बगू दे."

३ डिसेंबर, मंगळवार

काय ठरलंय ते एकदा लिहून ठेवते, नंतर वाद नको.

फ्लॅटचा ताबा मिळाला आहे. सातवा मजला. संक्रांतीआधी राहायला जायचं. बाबा येत नाहीत. कारण एकच सांगतात: तिथे बंब पेटवता येणार नाही. सोसायटीत धूर चालत नाही, हे खरं आहे. "तुमी जावा. मी आन् बंब हितं र्‍हातो." घर आपलंच आहे, कोणी काढत नाही. पण सासऱ्यांचं वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, न्हाणीची फरशी शेवाळलेली. एकटे कसे राहणार, असं विचारलं की म्हणतात, एकटा कुटं, बंब हाय ना.

तेव्हा प्र. लेकाच्या हक्काने म्हणाला, "बंबाचा खर्च किती येतो माहिती आहे का बाबा? गॅस गिझर निम्म्यात पडतो."

हे बोलायला नको होतं. बाबांनी तीस वर्षं आठ लूम चालवले. कापडाच्या मीटरमागे खर्च किती, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. रविवारी खलीलभाईंच्या ओट्यावर चहाला जमलेल्या सगळ्यांसमोर त्यांनी जाहीर केलं: "मोजा. बंब म्हाग पडला तं त्यो भंगारात आन् मी तुमच्या फ्लॅटात. सवस्त पडला तं आमी दोगं हितंच. परत कोनी नाव काडायचं न्हाय."

प्र. म्हणाला, मंजूर. खलीलभाई म्हणाले, "हम गवाह हैं, चाचा।"

मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कॉलेजात शिकवते. काय शिकवते, ते कोणी विचारलं नाही.

४ डिसेंबर, बुधवार

पद्धत. माणसं तीन. प्रत्येकी गरम पाण्याची एक बादली. बादलीवर नेलपॉलिशने खूण केली आहे, खुणेपर्यंत भरायची. एक आठवडा गॅस, एक आठवडा रॉड, एक आठवडा बंब.

नेलपॉलिश लाल. दुसरं नव्हतं. बाबांनी खुणेवरून बोट फिरवलं. "झाक दिसतंय."

गॅस गिझरला ते बिचकतात. नळ सोडायचा, बाहेर येऊन उभं राहायचं, आतून भक् आवाज आला की मगच आत. आज आवाज आला नाही. बराच वेळ उभे होते. शेवटी मीच पाहिलं. गिझर पेटलेला होता, त्यांना ऐकू आलं नव्हतं.

६ डिसेंबर, शुक्रवार

लूम बंद. शुक्रवारची सुट्टी. गल्लीत शांतता, त्यामुळे सगळे जण मोठ्याने बोलल्यासारखे वाटतात.

कारखान्याला कुलूप, म्हणून काटा नाही.

"आजचं वजन?"

"उद्या दोन दिवसांचं मिळून करू."

"म्हंजे अंदाज."

"नाही बाबा. दोन दिवसांची बेरीज."

"त्यालाच अंदाज म्हन्तात, मास्तरीणबाय."

८ डिसेंबर, रविवार

गॅसचा आठवडा संपला. दिवसाला सहा रुपये, किरकोळ पुढेमागे. प्र. खूश. बाबा म्हणाले, "ठीक हाय." शेंगदाणे खात राहिले.

९ डिसेंबर, सोमवार

रॉड. विजेचं मीटर एकच, त्यामुळे पाणी तापेपर्यंत घरातलं बाकी सगळं बंद. फ्रिज, पंखा, दिवे. प्र.ने मोबाइल चार्जिंगला लावलेला सापडला. बाबांनी काढला. "चोरी."

मीटरजवळ स्टूल टाकून बसले. मीटरमधला लाल दिवा मिचकावतो, त्याकडे पाहत. प्र. अंधारात दाढी करत होता. गालाला कापलं. कापूस द्यायला मी दिवा लावला, तर बाहेरून ओरडले, "कोन हाय त्यो?"

११ डिसेंबर, बुधवार

कॉलेजच्या लॅबमधून थर्मामीटर आणला. रसायनाच्या मॅडमनी विचारलं, कशासाठी. अंघोळीसाठी, म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

बाबांना थर्मामीटर मान्य नाही. "पान्याला ताप आलाय का?" त्यांचे शब्द तीन आहेत. कोमट. बरं. कडक. मधलं काही नसतं. गेल्या आठवड्यात गॅसला रोज "बरं" मिळालं. रॉडला आज "कोमट", कारण प्र. घाईत होता आणि त्याने लवकर काढला.

मी वर्गात मुलांना विशेषणं खोडायला सांगते. तीन ठेवून बाकीची खोडायला अजून जमलेलं नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज रॉडने पाणी फारच लवकर तापलं. आधी समजेना. मग लक्षात आलं, लूम बंद. एरवी अख्ख्या गल्लीची वीज लूम ओढतात, आमच्या वाट्याला उरलेली येते.

बाबांना सांगितलं.

"मंग अंघोळ शुक्रवारचीच करा."

हा विनोद होता की सूचना, कळलं नाही. प्र.ने हसून पाहिलं. बाबा हसले नाहीत.

१५ डिसेंबर, रविवार

रॉड: दिवसाला नऊ. बाद.

१६ डिसेंबर, सोमवार

बंबाचा आठवडा. सुरुवातच भांडणाने.

आमचे लूम दोन वर्षांपूर्वी भंगारात गेले. लोखंड गेलं, लाकूड राहिलं. फळ्या, मागात सूत इकडून तिकडे नेणारे धोटे, सूत गुंडाळायच्या कांड्या यांनी भरलेली पोती मागच्या पडवीत आहेत. बाबा बंबात तेच जाळतात. म्हणून त्यांचं म्हणणं, जळण फुकट. मी म्हटलं, फुकट नाही. बाहेरून आणलं असतं तर वखारीत जो भाव पडला असता, तो धरायचा.

"माझंच लाकूड मी इकत घिऊ?"

"हिशेबापुरतं."

"कोनाकडनं?"

 तरी वखारीचा भाव धरला.

मग वजन. कांड्या तोलायला खलीलभाईंची हरकत नव्हती. पोत्यातून धोटा निघाला तेव्हा त्यांनी काट्यावरून उचलून घेतला. लाकूड गुळगुळीत, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण. "ये जलाओगे, चाचा? इसने रोटी दी है।" बाबा म्हणाले, "दिली. आता पानी तापवंल." खलीलभाईंनी तोंड फिरवून तोलला.

१७ डिसेंबर, मंगळवार

बाबांची नवी मागणी: राखेचे पैसे वजा करा. राखेने भांडी निघतात, साबण वाचतो.

प्र. म्हणाला, "राख कोण विकत घेतं, बाबा?"

"मोबाइलात बग."

प्र.ने पाहिलं. राख विकतात. पाकिटातून, वर गाईचं चित्र.

तरी वजा केली नाही. मतभेद म्हणून नोंदवते.

१८ डिसेंबर, बुधवार

पहाटे बाबांचं फुंकणं ऐकत पडले होते. फुंकर, खोकला, फुंकर. गेली बावीस वर्षं याच आवाजाने जाग येते. पूर्वी मधला खोकला नव्हता. उठून गेले. डोळे लाल, पाणी वाहत होतं. "मी फुंकते," म्हटलं. फुंकणी दिली नाही. राख काढायला खाली बसले आणि उठताना भिंत धरली. मी पाहिलं म्हणून भिंतीवरून हात फिरवला, जणू पोपडे पाहत होते.

बंब मात्र चोख. नळ सोडला की वाफ. तिघांच्या बादल्या खुणेपर्यंत भरून दिल्या. अंघोळीनंतर एवढं पाणी उरलं की भांडी गरम पाण्याने निघाली आणि प्र.ने स्कूटर धुतली. अंघोळीलाही तो नेहमीपेक्षा जास्त वेळ होता.

२० डिसेंबर, शुक्रवार

काटा बंद. आज बाबा काही बोलले नाहीत. बेरीज त्यांना मान्य झालेली दिसते.

२२ डिसेंबर, रविवार

ओट्यावर निकाल. खलीलभाई, त्यांचे दोन कारागीर, समोरचे चहावाले. मी उभी राहून वाचला. गॅस सहा, रॉड नऊ, बंब अकरा.

वाटलं होतं, बाबा एकेक आकडा धरून भांडतील. राखेचा विषय तरी काढतील. ते म्हणाले, "ठरलं म्हंजे ठरलं." कप खाली ठेवला आणि घरी निघाले.

खलीलभाईंनाच वाईट वाटलं. "चाचा लड़े भी नहीं।"

जेवताना बाबांनी प्र.ला विचारलं, "त्यी लिफ्ट रातची पन चालू र्‍हाती का?"

प्र.ने भंगारवाल्याला फोन केला. पुढच्या रविवारी येईल. तांबं आहे म्हटल्यावर आत्ताच येतो म्हणत होता.

२६ डिसेंबर, गुरुवार

गिझरचा गॅस संपला. भरलेला सिलिंडर परवा येणार. म्हणून बंब पेटवला. प्र. म्हणाला, निरोपाचा.

बंबातून खुणेपर्यंत बादली भरून न्हाणीत नेली. गार पाण्याचा नळ सोडला. पाणी सांडून पायांवर आलं तेव्हा भानावर आले. बादली काठोकाठ भरून वाहत होती आणि पाण्यात हात घालवत नव्हता.

विसण.

२६ डिसेंबर, संध्याकाळी

नीट लिहिते.

बंबाचं पाणी तसंच अंगावर घेत नाही कोणी. भाजेल. अर्धं दुसऱ्या बादलीत ओतायचं, दोन्हींत विसण घालायचं, गार पाणी, हाताला सोसेल इतकं. कळायला लागल्यापासून करते. करताना दिसत नाही. हात करतो.

गॅसचं पाणी येतं तेच अंघोळीपुरतं. त्यात विसण नाही. तिथे एक बादली म्हणजे एक बादली. बंबाची एक बादली म्हणजे दोन. मी तीन बादल्या लिहिल्या. आम्ही सहा वापरत होतो. स्कूटर त्यातूनच धुतली गेली.

म्हणजे बंब अकरा नाही, साडेपाच. बंब पहिला. गॅस दुसरा.

थर्मामीटर होता, काटा होता, नेलपॉलिशही होतं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

प्र.ला सांगितलं. तो जेवत होता. घास तसाच ठेवून म्हणाला, "तू मराठीची आहेस. तुला गणित कोण विचारतंय?"

"तुम्ही सगळ्यांनी विचारलं."

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"मग तुझ्यापाशी ठेव."

थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाला, "अगं, एकटे इथे न्हाणीत पडले तर? दार आतून लावतात. सिलिंडरचं वजन बरोबर आलं म्हणून काय करू मी?"

त्याचं खोटं नाही. लूम बंद असल्याने भिंतीपलीकडे सगळं ऐकू जात असेल, म्हणून आम्ही कुजबुजत होतो.

२८ डिसेंबर, शनिवार

सकाळी बाबा पडवीत बसून बंब घासत होते. चिंच आणि मीठ. नळ, झाकण, कडा, मधल्या नळकांड्याचं तोंड. उद्या भंगारवाला येणार तर आज घासताय कशाला, विचारलं.

"इकायचा तरी लखलखीत."

तांब्यात माझा चेहरा दिसत होता, लांबट. सांगून टाकलं. विसणाचं राहिलं, बाबा. माझी चूक. बंब स्वस्त आहे.

ते घासत राहिले.

"बाबा, ऐकलंत ना?"

"मला ठाव हाय."

"काय?"

"पयल्याच दिशी कळलं. तू बादली भरून लिवलंस, मी मनात म्हनलं, हिनं विसण सोडलं."

"मग बोलला का नाहीत?"

चिंचेचा गोळा बंबावर आपटला. "तू का बोललीस? कोनी इचारलं व्हतं तुला? आं? सगळं झ्याक चाललं व्हतं!"

मला काही समजेना. हरता हरता जिंकलेला माणूस चिडला होता. आणि मागच्या भिंतीवर खलीलभाईंचं डोकं दिसलं. गळ्यात टॉवेल, तोंडात दातांचा ब्रश.

"क्या! चाचा जीत गये?"

२९ डिसेंबर, रविवार

सबंध सकाळ अभिनंदनाची. खलीलभाईंनी नानकटाई पाठवली. कारागीर येऊन हात मिळवून गेले. चहावाल्याने आजचा चहा फुकट जाहीर केला. बाबा ओट्यावर सुतकात बसल्यासारखे बसले होते. नानकटाई हातात तशीच, चुरा होईपर्यंत.

"चाचा, अब कोई माई का लाल आपको यहाँ से नहीं हिला सकता!"

"हां," बाबा म्हणाले.

भंगारवाला हातगाडी घेऊन आला. प्र.ने परत पाठवलं. जाताना त्याने लखलखीत बंबाकडे पाहिलं, मग बाबांकडे. "चाचा, कभी मन बदले तो…" बाबांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिला मी आशा म्हटलं असतं. पण ते माझं वाचन.

माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं की "पुरे" एवढंच.

२ जानेवारी, गुरुवार

फ्लॅटवर पडद्यांची मापं घ्यायला एकटीच गेले. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "मॅडम, चाचा नहीं आये तीन-चार दिन से? तबीयत ठीक है ना?"

"कोण चाचा?"

"अरे, आपके चाचा. टोपीवाले. रोज दोपहर में आते थे. मैं ही दरवाज़ा खोलके देता था, आपके साहब की एक चाबी है ना मेरे पास."

वर गेले. पुढची खोली, आतली खोली. मागच्या गॅलरीत रंगाचा रिकामा डबा उलटा घातलेला, त्यावर वर्तमानपत्राची घडी. बसायला. शेजारी तंबाखूची पुडी.

त्या डब्यावर बसून पाहिलं. समोर गोदामांचे निळे पत्रे. त्यांच्या पलीकडे खाडी. त्यांचं लहानपण खाडीकाठच्या गावात गेलं, ते गाव आता पत्र्यांच्या मागे आहे. गल्लीतून खाडी दिसत नाही. इथे बसलं की पाणी भरतीचं आहे की ओहोटीचं तेही कळतं.

गॅलरीजवळच्या खोलीत भिंतीला एक खिळा. नवीन भिंत, आम्ही अजून काही टांगलेलं नाही. खिळ्याला एक हँगर. आमच्याच घरचा, एका बाजूला वाकलेला.

खोली निवडून झाली आहे.

२ जानेवारी, संध्याकाळी

प्र.ला सांगितलं. तो लगेच उठला. "चल, आत्ताच बोलू. म्हणू, बाबा, आम्हाला सगळं कळलंय."

खाली बसवला. बाबा अख्ख्या गल्लीसमोर बोलून बसलेत. हरले असते तर गाठोडं घेऊन मान ताठ ठेवून आले असते. मी त्यांना जिंकवलं. आता आले तर लोक म्हणतील, बंब जिंकला आणि मालक पळाला.

"मग पुन्हा हरव त्यांना."

"कसं? आकडे तेच आहेत."

"बदल."

"नाही."

प्र. म्हणाला, माझ्याशी लग्न करताना बाबांनी त्याला बजावलं होतं, पोरगी शिकलेली आहे, बघ. आज अर्थ लागला.

३ जानेवारी, शुक्रवार

लूम बंद. दिवसभर विचार.

बाबांनी सकाळी बंब पेटवला. जिंकलेला बंब, पेटवावाच लागतो. फुंकर, खोकला, खोकला, फुंकर.

फ्लॅटच्या कागदपत्रांत सापडलं. गच्चीवर सोलर आहे. चाचणी सुरू केली तेव्हा जोडलेला नव्हता, म्हणून लक्षात आला नव्हता. सोसायटीच्या ऑफिसात फोन केला. या आठवड्यात चालू झाला म्हणाले. वापराचा खर्च काही नाही.

हे खोटं नाही.

४ जानेवारी, शनिवार

चहाच्या वेळी ओट्यावर गेले. सगळे हजर. बाबा कोपऱ्यात. मी वर्गातल्या आवाजात बोलले.

"चाचणी पुरी झालेली नाही. एक राहिलंय. सोलर."

खलीलभाई म्हणाले, "भाभी, फैसला हो गया।"

"तो अपुरा आहे. चूक माझीच होती, विसणाची, ती मी कबूल केली. ही दुसरी. सोलर मोजला नाही तर निकाल धरता येत नाही."

बाबांनी मान वर केली. आठवडाभरात पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"सोलर म्हंजे?"

त्यांना ठाऊक आहे. इमारतीच्या गच्चीवरचे काळे पट्टे रस्त्यावरून दिसतात. रोज जाणाऱ्याला तर दिसतातच.

"उन्हावर पाणी तापतं. खर्च नाही."

"कायच न्हाय?"

"काहीच नाही."

"आन् त्ये कुटं हाय?"

"फ्लॅटवर. तिथेच मोजावं लागेल. आठवडाभर राहून."

 बाबांनी उपरण्याने तोंड पुसलं. मग, मोठ्याने, चहावाल्यालाही ऐकू जाईल असं: "मी काय र्‍हायाला जात न्हाय. मोजाया जातो. न्याव म्हंजे न्याव."

"चाचा, हार जाओगे," खलीलभाई म्हणाले. "सूरज से कौन जीतेगा?"

"हारलो तं हारलो," बाबा म्हणाले. "भ्येतो का मी?"

उठताना त्यांनी माझ्या खांद्याला धरलं. भिंत जवळच होती.

घरी येताना एवढंच बोलले: "बादली त्यीच घे. नेलपालिशवाली."

५ जानेवारी, रविवार

दुपारी निघालो. मोजायला जाणाऱ्या माणसाचं सामान: वळकटी, दोन धोतरं, पितळी तांब्या, पानाचा डबा, पायाला लावायचं तेल, नव्या वर्षाचं कॅलेंडर. कॅलेंडर कशाला, प्र.ने विचारलं. "दिस मोजाया नको?"

बंबावर पोतं टाकून पडवीला कुलूप लावलं. किल्ली खलीलभाईंकडे. "आठ दिसांत येतो," बाबा म्हणाले. खलीलभाईंनी किल्ली खिशात घातली. "हां चाचा. हमने कब ना कहा?" त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मागची भिंत बुटकी आहे. दुपारी चाचा कुठे जातात, हे त्यांना आमच्याआधी कळलं असणार.

गेटवर वॉचमनने सलाम ठोकला. "आइये चाचा, बहुत दिन बाद." बाबा म्हणाले, "कोन तू?" तो गोंधळला. मी त्याच्याकडे पाहून मान हलवली. तो समजला.

बाबा न विचारता गॅलरीजवळच्या खोलीत गेले. सदरा खिळ्यावर टांगला.

संध्याकाळी आभाळ भरून आलं. रात्रीही तसंच. सोलरच्या नळाला कोणी हात लावला नाही.

६ जानेवारी, सोमवार

सकाळी मळभ. बाबा उठायच्या आधी नळ सोडून पाहिला. पाणी गार. बराच वेळ सोडून ठेवला, तरी गार. गॅस गिझर अजून जुन्या घरीच आहे.

बाबा अंघोळीला गेले. तांब्याचे आवाज. बादली संपेपर्यंत. बाहेर आले तेव्हा दात वाजत होते, अंगावर काटा होता.

प्र.ने विचारलं, "पाणी कसं होतं बाबा?"

"कडक," ते म्हणाले. "विसण घालावं लागलं."

वहीत लिहिलं: सोलर, पहिला दिवस. खर्च काही नाही. बाबा गॅलरीत डब्यावर जाऊन बसले. भरती होती.